हयातांमधलं नाव

"खऱ्या यंत्रावर चालवल्याशिवाय 'तपासलं' म्हणून नाव द्यायचं नाही, ओउती. आणि माझा कोड काढायची वेळ आलीच, तर तूच काढ. परक्या हातानं नको."

इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांत माझा नवरा तैस्तो असं म्हणाला. मी "हो" म्हटलं आणि त्याच्या ओठांना पाणी लावलं.

आम्ही दोघंही कर्नलवर काम करायचो. संगणकाचा हा गाभा जगभरची माणसं मिळून लिहितात. यंत्रांच्या प्रत्येक जातीला एक राखणदार असतो. तैस्तोकडे यंत्रांची एक जुनाट जात होती, जुन्या कागद कारखान्यांतली. माझ्याकडे घड्याळाचा भाग, तो सगळ्यांनाच लागतो. असा भाग बदलायचा तर रीत ठरलेली आहे: बदलणाऱ्यानंच प्रत्येक जातीचा कोड दुरुस्त करून द्यायचा आणि प्रत्येक राखणदाराचा होकार मिळवायचा.

या हिवाळ्यात मी घड्याळाचा भाग बदलायला घेतला. सगळ्यांचे होकार आले, एक तैस्तोचा सोडून.

पत्र कुणाला जायचं हे आमचा एक छोटा प्रोग्रॅम राखणदारांच्या यादीतून स्वतःच ठरवतो. यादीत तैस्तोचं नाव तसंच होतं, त्यामुळे मी नवा मसुदा धाडला की शेजारच्या खोलीत तैस्तोचा संगणक टिंग करायचा. बंद करायला दोनदा गेले. दोनदाही नुसती धूळ पुसून परत आले.

तैस्तोचं शेवटचं यंत्र सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत होतं. सुरू केलं, तर जळका वास आला आणि दिवा विझला. तसला बोर्ड कुणाकडे शिल्लक आहे का, म्हणून सगळीकडे विचारलं. कुणाकडेच नव्हता.

न्यूरेंबर्गहून फोल्कमारचा फोन आला. सगळ्या जातींचे बदल शेवटी तोच एकत्र करतो.

"अगं, संगणकातल्या नकली यंत्रावर चालतंय ना? मग घाल नाव नि हो मोकळी. तुझ्या सौनात येऊन कोण बघणारे?"

"देव बघतो."

"त्याला कर्नल कळत असता तर माझी निम्मी भांडणं मिटली असती, बाई!"

मला हसू आलं. पण मनात तेच घोळत होतं. एक ओळ लिहायची, 'तपासलं: ओउती', की तैस्तो यादीत राहिला असता. खोटी का होईना, एकच ओळ.

"मग ती जात काढावी लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. "बाकीचे किती दिवस थांबणार? तुला जड जात असेल तर मी काढतो."

"नको. परक्या हातानं नको म्हणालाय."

"मी परका?"

"त्याच्या कोडला जन्मभर शिव्या घातल्यास."

"मायेनं घातल्या गं..." मी फोन हळूच ठेवला.

सकाळी मूर्तिचित्रापुढचा दिवा लावून आधी हयातांची नावं घ्यायची, मग गेलेल्यांची, हा माझा रोजचा नेम. तैस्तोचं नाव पहिल्यांदा गेलेल्यांत घ्यायची वेळ आली, तेव्हा सवयीनं हयातांतच घेतलं. नंतर जमायला लागलं. देवापुढे तो गेलेला होता. फक्त यादीत मी त्याला हयात ठेवलं होतं, आणि त्या एका टिंगसाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं.

आज बुधवार, आमच्या चर्चचा उपास. बिनदुधाची कॉफी घेतली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. जात काढल्याचं पत्रसुद्धा रीतीप्रमाणे त्याला जाणार होतं, शेवटचं. म्हणून त्याच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं, टिंग ऐकू यावं म्हणून. मग जागेवर येऊन बसले, क्रूसाची खूण केली आणि त्याची पहिली फाईल उघडली.