टर्नी क्रीकचा बिडाचा व्हाइस

मी एक जुना बिडाचा व्हाइस आहे, आणि हे सांगताना मला जरासुद्धा संकोच वाटत नाही. कानस मारताना लोखंड हलू नये म्हणून ज्याच्या जबड्यात ते आवळून धरतात, तो मी. माझ्या कुशीवर 'टर्नी क्रीक' अशी ठसठशीत अक्षरे आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावात मी ओतला गेलो, त्या गावाचे हे नाव. मित्रांनो, एकेकाळी अर्धे गाव आमच्या फाउंड्रीत राबत होते आणि उरलेले अर्धे त्यांचे डबे भरत होते.

माझा जन्म १९४५च्या सप्टेंबरातला. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि गावातले तरणे पुरुष अजून घरी परतायचे होते. बिडाची वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर साच्यात आधी वाळूचा गाभा ठेवावा लागतो. वाळूत जवसाचे तेल आणि काकवी कालवायची, लाकडी पेटीत ती थापायची आणि पावासारखी भाजून काढायची. वितळलेले बीड त्याच्याभोवती ओतले की गाभ्याच्या जागी पोकळी उरते. गाभा बिघडला की अख्खी वस्तू भंगारात. युद्धाच्या वर्षांत हे नाजूक काम अकरा बायका करत. त्यांच्या गाभाघरात शिरताना भले भले ओतारी टोपी काढत आणि तोंड सांभाळून बोलत.

माझा गाभा व्हर्ना हुडाकने केला. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि तिचा नवरा एमिल फौजेबरोबर इटलीत होता. पुरुष परतू लागले, तसे फोरमनने अकराही जणींना घरी बसायला सांगितले. जाताना काय हवे, असेही त्याने विचारले. व्हर्ना म्हणाली, "माझा शेवटचा गाभा ज्यात गेलाय, तो व्हाइस द्या." तिने मला हातगाडीवर घालून स्वतः घरी नेले.

पुढे एमिल आला, ओतारी म्हणून फाउंड्रीत लागला, आणि मी त्याच्या गॅरेजमधल्या बाकावर घट्ट बसलो. मित्रांनो, मी काय काय धरले म्हणून सांगू! सायकलींचे दांडे, बर्फावरच्या गाड्यांच्या पट्ट्या, चर्चच्या शेगडीचे दार. कुणाचे काही मोडले की शेजारी म्हणायचे, "हुडाककडे जा, त्याच्या व्हाइसच्या तावडीतून काही सुटत नाही." हे ऐकून माझी छाती फुगायची. १९८२ साली फाउंड्री बंद पडली. काही वर्षांनी एमिलही गेला. मग माझ्या डोक्यावर रंगाचे डबे चढले, स्क्रू गंजला, आणि मला कुणी विचारीनासे झाले. ते दिवस फार वाईट होते.

माझ्या जन्माला सत्तर वर्षे झाली, तेव्हा गावकऱ्यांनी जुन्या अग्निशमन केंद्रात फाउंड्रीचे प्रदर्शन भरवले. शेजारच्या डेल कुंकलने मला घासूनपुसून तेल पाजले आणि मधल्या टेबलावर ठेवले. मागच्या भिंतीवर दोनशेवर कामगारांची नावे होती. त्यात बाई एकही नव्हती. माझ्यापुढच्या पाटीवर लिहिले होते, 'एमिल हुडाक यांनी घडवला, १९४५.'

पहिल्याच दिवशी व्हर्ना लेकीबरोबर काठी टेकत आली. तिने पाटी वाचली, भिंत वरपासून खालपर्यंत वाचली आणि पुन्हा पाटी वाचली.

"डेल, हे कोणी लिहिलं?"

"मीच, मिसेस हुडाक. अक्षर बारीक झालं का?"

"अक्षर झकास आहे रे. मजकूर तेवढा थाप आहे. पंचेचाळीस साली एमिल इटलीत बटाटे सोलत होता. त्याच्या पत्रांत दुसरा विषयच नसायचा."

लोक हसले. डेल कानकोंडा झाला. "कंपनीच्या रजिस्टरावरून उतरवलंय सगळं. त्यात गाभाघरातल्या बायकाच नाहीत. काही पुरावा असता तर..."

"पुरावा हवाय? ह्याचा सरकता जबडा बाहेर काढ आणि आत बोट घाल. अजून आत. वरच्या बाजूला."

डेलने कोपरापर्यंत बाही सारली. "उंचवटा लागतोय. बोराएवढा."

"तो माझा अंगठा. गाभाघर सोडताना आम्ही प्रत्येकीने शेवटच्या गाभ्यात अंगठा दाबला. वाळूत खळगा पडला की बिडात उंचवटा येतो. घे, माझा अंगठा चाचपून बघ आणि मग आतल्या उंचवट्याला हात लाव."

डेलने तसे केले आणि जुनी पाटी उचलून बाजूला ठेवली. मित्रांनो, स्वतःच्या पोटातले कुणाला दिसते? सत्तर वर्षे मी नुसत्या कुशीवरच्या अक्षरांवर तोरा मिरवत होतो. त्या दिवशी मला वाटलेला अभिमान मला शब्दांत सांगता येत नाही.

डेलने नवी पाटी घेतली आणि व्हर्नाचे नाव लिहिले.

"एकटीचं नको," ती म्हणाली. "अकरा जणी होतो. भिंतीवर लिही."

लेकीने खुर्ची पुढे केली, ती व्हर्नाने काठीने बाजूला सारली. उभ्या उभ्या ती नावे सांगत गेली. ओल्गा बारान. ब्यूला टेट. रोझिना आणि फिलोमेना या दोघी बहिणी. दहा नावे झाली आणि ती अडली.

"डॉरिस. उंच होती. आम्हा सगळ्यांचे हातमोजे तीच शिवायची. तिचं आडनाव..." तिने डोळे मिटून खूप आठवून पाहिले. "लिही डॉरिस. पुढे जागा सोड."

प्रदर्शन पुढे कायमचेच झाले, आणि ती जागा अजून तशीच आहे. व्हर्नाही आता नाही. त्या भिंतीसमोर मी रोज ताठ मानेने बसतो, कारण मी कुणाच्या हातचा आहे हे आता साऱ्या गावाला माहीत आहे. मित्रांनो, जुन्या अवजारांना तेल द्या, त्यांना ओलीत टाकू नका. पण तेलाला थोडा उशीर झाला तरी माझ्यासारखे बीड तग धरते. तुमच्या घरातली वस्तू कोणी घडवली, हे मात्र सांगणारे माणूस समोर बसले आहे तोवर आजच विचारा, आणि आडनावासकट लिहून ठेवा.