भुसा न लागलेली करवत

चर्चच्या बाजूच्या दारासमोर किल्लीवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, किल्ल्या घासायचं मशीन आणि मागे पाठ टेकण्यापुरती खोली. बायको गेल्यापासून त्याचं देवाशी बोलणं बंद होतं आणि माणसांशी गिऱ्हाइकापुरतं. शेजारपाजारचं कुणी डबा घेऊन आलं तर तो न उघडता परत जाई. "मी कुणाच्या दयेवर जगत नाही," हे वर ऐकवलं जाई ते वेगळंच.

अशा माणसाकडे एक टोपीवाली बाई रोज काही ना काही मागायला येऊ लागली. लोकरीची टोपी कानांवर ओढलेली, नजर जमिनीवर. "चर्चमधून आलेय. करवत मिळेल का?" दुसऱ्या दिवशी पक्कड. मग शिडी. मग पुन्हा करवत.

मागण्यात नवल नव्हतं. वस्तीतले घरमालक भाड्याच्या खोल्यांची गळकी छपरं तशीच ठेवत, आणि भाडेकरूने तोंड उघडलं की खोली सोड म्हणत. चर्चची मंडळी आधी ते छप्पर नीट करत आणि मग सगळी मिळून घरमालकाच्या दारात ठिय्या देत. कामच तसं, हत्यारं लागणारच. शिवाय देताना किल्लीवाल्याला कधी जड जात नसे. घेताना तेवढं जाई.

संध्याकाळी टोपीवाली वस्तू परत आणी. आधी दारातूनच वळायची. मग स्टुलावर टेकू लागली. "हे कुलूप आतून कसं असतं हो?" असं विचारलं की किल्लीवाला हातातलं काम सोडून कुलूप उघडून दाखवी. तो आताशा दुपारी दाढीही करू लागला होता. त्याचा तिच्या येण्याशी संबंध आहे असं कुणी म्हटलं असतं, तर तो अंगावर धावून गेला असता.

पण एका गोष्टीने त्याचं डोकं खाल्लं. करवत जशी जाई तशीच परत येई. दातांत भुसा नाही. शिडीवर चुन्याचा ठिपका नाही. ही माणसं छपरं काय फुंकर मारून नीट करतात? न राहवून एकदा त्याने करवतीच्या दातांत केसाएवढा बारीक दोरा ओवून दिला. संध्याकाळी दोरा होता तिथेच. दुसऱ्या दिवशी टोपीवाली करवत घेऊन गेली आणि पाठोपाठ हा दुकानाला कुलूप लावून चर्चच्या त्या दारातून आत शिरला.

आत लांबट खोली होती. भिंतीला शिड्या टेकलेल्या, वर खिळ्यांवर करवतींची रांग, एकेक त्याच्या करवतीपेक्षा सरस. त्याची करवत कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवलेली. पाळकांची, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांची, बायको जुने खिळे ठोकून सरळ करत बसली होती. किल्लीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे माझी कीव करताय होय? एकटा म्हातारा आहे, धाडा रोज कुणालातरी त्याच्याकडे!"

"हळू बोला हो, ती मागे स्वयंपाकघरात आहे," पाळकीणबाई म्हणाल्या. "तुमची कसली कीव? तुम्ही चांगले धडधाकट आहात. काळजी तिची होती. कारखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला, आणि तिने दार लावून घेतलं ते घेतलंच. आम्ही जेवण ठेवून यायचो, ते तसंच पडून असायचं. शेवटी मी म्हटलं, माझं एक काम कर, समोरून करवत आणून दे. तेवढ्यासाठी उठली. म्हणून दुसऱ्या दिवशी पक्कड सांगितली."

"आणि ह्या एवढ्या करवती तिला दिसत नाहीत?"

"तिच्या लक्षात आलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर मात्र पुन्हा दार लावून बसेल."

किल्लीवाल्याला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. कीव त्याची नव्हतीच. पण दुकानात परतल्यावर त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. ती येत होती ते सांगितलेलं काम म्हणून.

संध्याकाळी टोपीवाली आली. करवत टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"एक सांगू? रागावणार नाही ना? तिथे करवतींचा ढीग आहे."

त्याने करवत उचलून खिळ्याला अडकवली.

"मला पहिल्याच दिवशी दिसला. पण म्हटलं, पाळकीणबाईंना तुमची काळजी असणार. तुम्ही कुणाचं काही घेत नाही म्हणे. तुमच्याकडे कुणीच गेलं नाही तर कसं व्हायचं? मला तर अंथरुणातून उठणं जिवावर यायचं. पण तुमच्याकडे जायचंय म्हणून उठायचे." ती थांबली. "आज वाटलं, तुम्हाला असं फसवणं बरं नाही."

अहो बाई, काळजी तुमची होती, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. एवढं म्हटलं असतं तर त्याची मान ताठ राहिली असती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अपराधी दिसत होती, पण थोडी अभिमानीही. एका माणसाला सांभाळल्याचा अभिमान होता तो.

"बरं केलंत," तो म्हणाला. "एकटाच असतो मी. कुणी आलं नाही की दिवस खायला उठतो."

तिला बरं वाटावं म्हणून त्याने हे बोलायला घेतलं होतं. बोलता बोलता अर्ध्यावर त्याला कळलं की यात खोटं काहीच नाही.

"मग उद्या येऊ?"

"या. तुम्ही आलात की मला बरं वाटतं."

असं तो आयुष्यात बायकोलासुद्धा कधी म्हणाला नव्हता.