खंडूच्या घरी बाबू

"काका, जागा व्हिनेगरने नीट पुसलीत ना?"

"सत्यनारायणालाही पुसत नाही इतकी पुसली," आपटे म्हणाले.

तनयाने टोपली खाली ठेवली. हिंजवडीतली नोकरी सांभाळून ती टाकून दिलेल्या गिनीपिगांना घरं शोधून द्यायची. टोपलीतला बाबू कुठल्याशा पार्किंगमध्ये खोक्यात सापडला होता. पाठीवरचे केस गेलेले, आणि कोणी हात पुढे केला की मान खाली.

आपट्यांचा खंडूही तिनेच आणून दिलेला. आधीच्या घरातल्या मुलांनी छळलेला, एक कान फाटका. आला तेव्हा आपट्यांच्या बोटाला रक्त येईपर्यंत चावला होता. आता सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आपट्यांची चप्पल वाजली की शीळ घालायचा. आपट्यांची सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीमागे गेली. समोर येणारा प्रत्येक जण बिलासाठी यायचा. त्यांच्यासाठी म्हणून धावत आलेला हा पहिलाच जीव, आणि तो त्यांना वाटून घ्यायचा नव्हता.

"एकट्याने राहणारा प्राणी नाही हो हा. माणसाने त्याचं भागत नाही," तनया किती दिवस सांगत होती.

"म्हणजे मी पुरत नाही. कळलं," असं म्हणून आपटे शेवटी तयार झाले होते.

दोन नर जुळवायचे तर जागा दोघांनाही परकी हवी. एकाचा जरी वास असला, तरी तो स्वतःला मालक समजतो. हे तनयाने समजावून सांगितलं होतं. म्हणूनच आपट्यांनी सतरंजीखाली खंडूच्या पिंजऱ्यातलं फडकं सरकवून ठेवलं होतं.

दोघांना सोडलं. खंडूने सतरंजी हुंगली, अंग फुगवलं, दात करकरवले आणि थेट बाबूवर झेप घेतली. तनयाने मध्ये उशी घातली म्हणून निभावलं. खंडू परत पिंजऱ्यात गेला, बाबू टोपलीत.

"असं कसं झालं, काका?"

"तुझ्या बाबूतच काहीतरी असेल."

"राहू दे मग. नेते मी त्याला. दोन घरांतून परत आलाय, हे तिसरं."

आपट्यांना बरं वाटलं. त्यांनी उत्साहाने चहा टाकला, आलंही किसून घातलं. मग कोथिंबिरीची काडी घेऊन ते पिंजऱ्यापाशी गेले. खंडूने वळूनही पाहिलं नाही. टोपलीच्या बाजूला जाळीला नाक लावून तो बारीक आवाजात काहीतरी बोलत होता. टोपलीतून तसंच उत्तर येत होतं. हा आवाज आपट्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना शीळ मिळायची, पण बोलणं असं कधी मिळालं नव्हतं.

तनयाने टोपली उचलली.

"थांब," आपटे म्हणाले. त्यांनी सतरंजी वर केली आणि फडकं बाहेर काढलं. तनयाने फडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बघतेस काय? व्हिनेगर दे."

या वेळी त्यांनी गुडघे टेकून कोपरान् कोपरा पुसला. दोघांना पुन्हा सोडलं. गुरगुर झाली, एकमेकांभोवती फेऱ्या झाल्या, एकदा दातही वाजले. तनयाने उशी हातात धरून ठेवली होती, पण ती लागली नाही. बऱ्याच वेळाने बाबू गवताच्या ढिगापाशी बसला आणि खंडू त्याच्या शेजारी.

"काका, फोटो काढते. तुम्ही पण बसा ना त्यांच्याजवळ."

"दोघांचाच काढ," आपटे म्हणाले, आणि त्यांच्यावर आपली सावली पडू नये म्हणून भिंतीपर्यंत मागे सरकले.