तांबूच्या गळ्यातला हार

या, पुढे सरका. खांबाला टेकू नका, गार असतो तो. एक गोष्ट सांगतो, फक्त मधून उठायचं नाही एवढं कबूल करा. का, ते कळेलच.

आमच्या गावात एका रामनवमीला चार दिवस पावणेबाराच वाजलेले होते. सूर्य कळसाच्या जरा अलीकडे येऊन थांबला आणि हलेना. दूधवाला चार वेळा येऊन गेला, म्हणून चार दिवस म्हणायचे.

चूक माझी होती. द्वारकाताई आठल्यांच्या कीर्तनाला मी तीस वर्षं झांज वाजवतो. पूर्वरंग संपून मध्यंतराचं भजन सुरू झालं की ताईंना बुक्का लावायचा आणि हार घालायचा, हेही माझंच काम. त्या दिवशी भजन असं रंगलं की माझे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी मी हार घातला. डोळे उघडले तर हार तांबूच्या गळ्यात. तांबू म्हणजे एरवी चपलांपाशी पडून कीर्तन ऐकणारी आमच्या गावची तांबडी कुत्री. ती भजनाच्या भरात ताईंच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हारासकट रानाची वाट धरली.

"हार ज्याच्या गळ्यात, उत्तररंग त्याचा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"दुसरा हार आणतो की."

"विसूभाऊ, असं चालतं का?"

असं चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. उत्तररंग नाही तर रामजन्म नाही, आणि जन्म नाही तर बारा वाजायचे नाहीत. कीर्तन अर्ध्यावर असल्यामुळे बसलेल्यांना उठता येईना. सतरंजीचे निळे-तांबडे पट्टे त्यांच्या अंगावर चढू लागले. पहिल्या दिवशी मांड्यांपर्यंत होते, चौथ्या दिवशी माझ्या बायकोच्या, शरयूच्या, खांद्याला लागले. गोखले मास्तर मुळात ठेंगणे. त्यांच्या जागी आता नुसती टोपी दिसत होती. मी उभा होतो म्हणून मोकळा होतो.

"ती काही आपणहून यायची नाही," ताई म्हणाल्या. "जा. पण एकट्या माणसाला ती दिसायची नाही. तिची मंडळी बरोबर घ्या. हार हिसकायचा नाही. तिने दिला तरच घ्यायचा."

शरयूला मान तेवढी वळवता येत होती. "डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं," ती म्हणाली. "बायकोला हार घालताना तरी कुठे बघितलं होतंत! आणि तांबूला अगंतुगं करू नका आता. मान आहे तिला."

चपलांपाशी आठ कुत्री होती. मी झांज उचलली तशी आठही उठली. पुढे लंगडा सोन्या, मागे बाकीची आणि मधे मी, असे आम्ही रानात शिरलो.

वाट सुरुवातीला बैलगाडीएवढी रुंद होती. पहिल्या वळणावर मागे वळून पाहिलं, तर ती आमच्या पाठीमागे गुंडाळली जात होती. कीर्तनानंतर सतरंजी गुंडाळतात तशी, दगडधोंड्यांसकट, व्यवस्थित. आम्ही चढू तसा तो गुंडाळा आमच्या टाचांशी येत होता. पुढची वाटही निमुळती होत होती. पाणवठ्यापाशी ती पाटाएवढी झाली आणि करवंदीच्या जाळीत लुगड्याच्या काठाएवढी.

मी झांज धरून होतो. ताल नीट असला की झाडं बाजूला उभी राहत. एकदा माझी मात्रा चुकली, आणि ऐनाचं एक झाड वाटेवर पाऊल टाकून उभं राहिलं. सोन्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत कुणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी समेवर आलो. झाड बाजूला झालं.

पुढे ताल इतका गोड लागला की पापण्या जड झाल्या. मिटू द्याव्यात असं फार वाटलं. शरयूच्या खांद्यावरचा निळा पट्टा आठवला आणि मी डोळे फाडून आठ शेपट्या बघत चढत राहिलो.

वर सड्यावर, उघड्या कातळावर, तांबू बसली होती. हार ताजा होता.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"तांबूताई, माझे डोळे मिटलेले होते."

"ठाऊक आहे. मी चपलांपाशी असते. तिथून सगळ्यांचे डोळे दिसतात."

"खाली माणसं अडकलीत हो."

तिने मान खाली घातली. मी गुडघ्यावर बसून माझी मान तिच्या मानेला लावली, आणि हार आपोआप तिच्याकडून माझ्याकडे घसरला.

"पण मी गायलो नाही कधी," मी म्हणालो.

"मग आजपासून," तांबू म्हणाली.

गुंडाळलेली वाट आता आमच्या मागे घराएवढी उभी होती. तांबू उठली, वाटेच्या वरच्या टोकावर गेली आणि चारही पाय रोवून बसली.

"हे टोक कुणीतरी दाबून धरायला हवं. नाहीतर सगळी वाट घसरेल. ढकला."

"आणि तुम्ही?"

"ढकला म्हटलं ना!"

आठ कुत्र्यांनी डोकी लावली, मी खांदा लावला. वाट सुटली. काय सांगू! ती उलगडत, घरंगळत निघाली, आणि आम्ही तिच्यामागे धावत सुटलो. जाळी, पाणवठा, वळण, सगळं मागे पडलं. वाट आता अख्खी दिंडी मावेल एवढी रुंद होती, आणि झाडं दोन्ही बाजूंना ताल धरून उभी होती. धावता धावता मला कंठ फुटला. आवाज माझाच होता, पण तो मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी एक ओळ म्हणायचो, आठही कुत्री मागून उचलायची. एकही बेसूर नाही.

वाट सभामंडपात शिरली आणि सतरंजीला जाऊन भिडली. पट्टे शरयूच्या हनुवटीला होते. मी गात उभा राहिलो तसे ते उतरू लागले, खांदा, कंबर, गुडघे. मास्तरांच्या टोपीखाली मास्तर आले. द्वारकाताईंनी वाकून माझी झांज घेतली आणि माझ्यामागे, माझ्या जागी, ताल धरला.

"डोळे उघडे आहेत बरं," शरयू शेजारणीला म्हणाली.

घड्याळाचा काटा हलला. बाराचा पहिला टोला पडला आणि सगळा गाव एकदम उठून उभा राहिला. गुलालाने सूर्य दिसेनासा झाला. कुणीतरी पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. पाळण्यात मी सकाळी नुसता नारळ ठेवला होता.

दोरी ओढली. ती जड लागली.

आता सुंठवडा घ्या, आणि मग उठा. रानातली वाट अजून जागच्या जागी आहे. तिच्यावर पाय ठेवाल तेव्हा वरचं टोक धरून बसलेल्या तांबूची तेवढी आठवण ठेवा.