झाकली मूठ आणि बेचाळीस मिनिटं

मी एक जुनी निळी चादर आहे. जुनी म्हणजे अगदी फाटकी नव्हे हं. एका कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग आहे तेवढाच, बाकी वीण अजून घट्ट आहे. तुम्ही म्हणाल, चादरीच्या आयुष्यात सांगण्यासारखं असं काय असणार? पसरली, झटकली, घडी घातली, संपलं. पण मित्रांनो, मी चोराच्या काखोटीला बसून चार गल्ल्या फिरून आलेय. तेव्हा जरा सरसावून बसा.

माझा जन्म एका खडखडत्या मागावर झाला. जाड सूत, पक्का रंग. माझी घडी घालताना विणणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "ही पाणी फार पिते गं. वाळायला दोन दिवस घेईल." मला तेव्हा तो टोमणाच वाटला. आपण जन्मलो नाही तोच लोकांनी खोड काढली म्हणून मी खट्टू झाले होते.

मग मी ज्या घरी आले ते घर दोघांचंच. एक बाबा आणि एक त्यांची लेक. बाबा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. तीस वर्षं उभे राहिले आणि एकदाही गोळी झाडावी लागली नाही, याचा त्यांना फार अभिमान. लेक लहान होती तेव्हा मी तिचा तंबू झाले, पाहुणे आले की त्यांचं पांघरूण झाले, आणि ती शाळेत जायला लागल्यावर मी इस्त्रीच्या टेबलावर गेले. तिथेच एके दिवशी बाबा फोनवर बोलत राहिले आणि मला हा डाग पडला. त्यानंतर सहा वर्षं मी कपाटाच्या वरच्या फळीवर होते. वरून जुन्या उशा, खालून जुनी वर्तमानपत्रं. कोणी हात लावीना की विचारीना. त्या सहा वर्षांबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण बोलले तर रडू येतं.

इकडे लेक मोठी झाली आणि कवळ्या बनवायला शिकली. होय, तोंडातल्या कवळ्या. सगळे तिला कवळीताई म्हणतात आणि तिला ते आवडतं. तिचं काम मोठं चिकाटीचं. एका माणसाच्या घरी चार वेळा जायचं, मापं घ्यायची, मेणाची करून बघायची, मग खरी घडवायची. कवळी ती कोणाच्या हाती पाठवत नाही. स्वतः नेते, स्वतः बसवते, आणि माणसाला समोर बसवून मोठ्याने बोलायला लावते. बोलणं स्वच्छ आलं तरच उठते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तयार कवळी कोरडी पडू द्यायची नसते, नाहीतर तिचा आकार बिघडतो. म्हणून ताई ती ओल्या कापसात, डबीत घालून नेते.

एवढं फिरायचं म्हणून तिने गाडी घेतली, विजेवर चालणारी, अजिबात आवाज न करणारी. पहिल्या दिवशी बाबा गाडीत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, चालू कर की." तोवर गाडी कोपऱ्यावर पोचली होती.

डब्या हिंदकळू नयेत म्हणून ताईने एक पेटी आणली. पेटी होती कॅमेऱ्याची, चंदेरी, चकचकीत, आतून मऊ. ती मागच्या सीटवर ठेवलेली बघून बाबांच्या अंगातला रखवालदार जागा झाला.

"ही अशी उघडी? लोक बघतील ना."

"बाबा, आत दात आहेत. दात कोण चोरतंय?"

"ते तुला माहीत, मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?"

आणि त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून मला काढलं!

काय सांगू तुम्हाला, मला आभाळ ठेंगणं झालं. सहा वर्षांनी काम मिळालं आणि तेही राखणीचं. बाबा रोज सकाळी मला पेटीवर घालायचे, चारही कोपरे बँकेतल्या शिस्तीने आत खोचायचे आणि दोन पावलं मागे सरून बघायचे. एक सुरकुती दिसली तरी पुन्हा खोचायचे. मी ताठ बसायचे. येणारे जाणारे काचेतून माझ्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, माझा दरारा वाढतोय. मूर्ख होते मी, दुसरं काय.

आता त्या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी पेटीत दोन कवळ्या होत्या. एक बाजाराजवळ राहणाऱ्या एका आजींची. दुसरी घोषणावाल्या आजोबांची. हे आजोबा बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सगळ्या गावाने त्यांच्याच आवाजात ऐकलेलं. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. बोलले तर तोंडावर तळहात धरून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं लग्न होतं, आणि तिने हट्ट धरला होता की नवरानवरीचं नाव आजोबांनीच पुकारायचं. आजोबा म्हणाले होते, "दात आले तर पुकारीन. नाही आले तर मी घरीच बरा." दात त्या संध्याकाळी साडेपाचला बसवायचे होते. कवळी घडायला पंधरा दिवस लागतात, मित्रांनो. ही एकच होती, आणि ती माझ्या पोटाखाली होती.

सकाळी अकरा वाजता ताईने बाजाराजवळ गाडी चार्जिंगला लावली. आजी चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि लिफ्ट बंद होती. पेटी जड. म्हणून ताईने आजींची डबी आणि घासायचं छोटं मशीन तेवढं घेतलं, मला पुन्हा नीट खोचलं आणि ती जिना चढायला गेली. चार्जरच्या पडद्यावर मोठ्या आकड्यात आलं, आणखी बेचाळीस मिनिटं.

ते आकडे ताईपेक्षा दुसऱ्याच कोणीतरी नीट वाचले. माणूस दिसायला नीटनेटका, दाढी केलेला, हातात कापडी पिशवी. त्याने पडद्याकडे पाहिलं. मग दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूंना धरून काचेला नाक लावलं. त्याने पाहिलं ते मलाच. माझे खोचलेले कोपरे, माझी ताठ पाठ. मी आणखी ताठ झाले. तो हसला.

टक्क! एवढाच आवाज झाला. हातातून बशी पडावी तेवढा. मागच्या खिडकीची काच खडीसाखरेसारखी माझ्यावर सांडली. दार उघडलं असतं तर गाडी बोंबलली असती, पण हा पक्का होता. त्याने दाराला हातच लावला नाही. खिडकीतूनच त्याने पेटी उचलली, चकाकी दिसू नये म्हणून ती माझ्यातच गुंडाळली आणि बगलेत मारून चालू लागला. म्हणजे मी राखायला बसले होते त्या मालाचं मीच गाठोडं झाले.

तो भराभर चालला होता आणि स्वतःशी पुटपुटत होता, "कॅमेराच असणार. एवढं झाकलंय म्हणजे भारीच असणार." ते शब्द ऐकून माझ्या धाग्याधाग्यात कळ उठली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. मी रस्त्यात घसरून पडायचा प्रयत्न केला, पण त्याची पकड घट्ट होती. चौथ्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तो वाकून शिरला. तिथे मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. त्याने मला पसरलं, पेटी माझ्यावर ठेवली, खटके उघडले, डबी उघडली.

आतून आजोबांची कवळी त्याच्याकडे बघून सगळ्या दातांनी हसत होती.

"आईऽ गं," म्हणून तो असा मागे उडाला की त्याचं डोकं जिन्याला आपटलं. डबी माझ्यावर उलटी झाली. पाणी, ओला कापूस, कवळी, सगळं माझ्या अंगावर. तो डोकं चोळत कितीतरी वेळ कवळीकडे बघत बसला. मग म्हणाला, "दात. अख्ख्या सकाळचा धंदा आणि काय, तर दात." त्याने मला कवळीसकट चुरगाळून खुर्च्यांमागे कोंबलं आणि रिकामी डबी पेटीत टाकून पेटी तेवढी घेऊन निघून गेला.

मी आणि कवळी दोघीच उरलो. जिन्याच्या झरोक्यातून दुपारचं ऊन सरळ आमच्यावर येत होतं. एक वाजला, दोन वाजले. माझी वरची घडी वाळायला लागली. आणि मला मागावरच्या त्या बाईचा टोमणा आठवला. ही पाणी फार पिते, वाळायला दोन दिवस घेईल. मी म्हटलं, बाई, आज तुझा शब्द खरा कर. कवळी माझ्या आतल्या घडीत होती. कापसातलं पाणी मी तिथे पिऊन बसले होते आणि एक थेंब सोडत नव्हते. एवढी वर्षं मी कशाकशावर पडले होते, पण राखण म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. ताई खाली आली, फुटकी काच बघून मटकन फुटपाथवर बसली आणि तिने बाबांना फोन केला. बाबा धावत आले. तेवढ्यात काच बसवणाराही आला. तो झाडूने काचा गोळा करत म्हणाला, "या आठवड्यातली ही पाचवी. आत काय होतं?"

"चादर होती," बाबा म्हणाले. "सगळं व्यवस्थित झाकलं होतं."

"तिथंच घात झाला, काका. रिकामी गाडी कोणी फोडत नाही. झाकलेलं दिसलं की फोडतात. चार्जिंगची गाडी तर काय, मालक कधी येणार ते पडद्यावरच लिहिलेलं असतं."

 बाबांनी विचारलं, "नको असलेला माल टाकतात कुठे?"

"जवळपासच. चार-पाच गल्ल्यांत."

बाबा सरळ चालू लागले. बहात्तर वर्षांचा माणूस, ऊन मी म्हणत होतं, आणि हा प्रत्येक कचराकुंडीत, प्रत्येक जिन्याखाली वाकून बघत होता. चार वाजता खुर्च्यांच्या पायांमधून मला त्यांचे बूट दिसले. माझा डाग पडलेला कोपरा नेमका बाहेर आला होता. बूट थांबले. त्यांनी तो कोपरा चिमटीत धरला, मला ओढलं, घडी उघडली आणि कवळीला बोट लावून पाहिलं. ओली होती. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.

बाबांचा फोन जाताच ताई पळत आली. तिने कवळी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "एवढासुद्धा वाक आला नाही, बाबा."

"मीच झाकली होती ना गं," बाबा म्हणाले. "तीस वर्षं दारात उभा राहिलो आणि शेवटी चोराला बोट करून दाखवलं ते मीच."

"बरं, झालं ते झालं. आता उठा. डबी कुठे ते कळत नाही, तेव्हा या चादरीलाच नळाखाली भिजवू आणि हिच्यातच नेऊ."

अशी मी, ओलीचिंब, कवळी पोटात घेऊन आजोबांच्या घरी पोचले. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती. आजोबा खुर्चीत बसले होते, तळहात तोंडावर. नात दाराशी उभी, तिच्या डोळ्यांत उद्याच्या लग्नाची काळजी दिसत होती. ताईने कवळी खळखळून धुतली, बसवली, थोडी घासली, परत बसवली.

"आता बोला आजोबा. मोठ्याने."

आजोबांनी तळहात काढला. जिभेने दात चाचपले. एकदा खाकरले. आणि मग ताठ बसून, त्या अख्ख्या गावाने ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. उतरताना आपलं सर्व सामान सोबत घ्यावं. गाडीत काहीही ठेवू नये."

त्यांना बिचाऱ्यांना सकाळचं काही ठाऊक नव्हतं. बसस्थानकावरची जुनी सवय, तोंडात आलं ते बोलले. पण ताईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी ताईकडे, आणि दोघं जी हसत सुटली ती थांबेचनात. नात हसली. मग आजोबाही हसले, तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवून. दुसऱ्या दिवशी लग्नात त्यांनी नातीचं नाव असं पुकारलं की बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले, असं ताई सांगत होती.

त्या दिवसापासून आमच्या गाडीत काही नसतं. चंदेरी पेटी नाही, पिशवी नाही, फोनची लोंबणारी वायरही नाही. मागची सीट आडवी पाडलेली, समोरचा कप्पा सताड उघडा. ताईने आता साधी पाठीवरची सॅक घेतलीय आणि चौथा मजला असो की सातवा, ती सॅक तिच्यासोबत जाते. गाडी थांबली की बाबा घोषणा करतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," आणि स्वतः वाकून सीटखाली बघतात.

मी मात्र आता सज्जाच्या कठड्यावर वाळत असते. घरी तयार कवळ्या नेईपर्यंत ओल्या ठेवायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून मी एक दिवस भिजते आणि दोन दिवस वाळते. परवा काय झालं सांगते. खाली आमची गाडी चार्जिंगला लावली होती, आणि नीटनेटका, दाढी केलेला एक माणूस आला. तोच! डोळ्यांना तळहात लावून त्याने एक खिडकी बघितली, दुसरी बघितली, मागची बघितली. मी कठड्यावर श्वास रोखून होते. त्याला दिसली रिकामी सीट आणि उघडा कप्पा. तो चरफडला, पिशवी झटकली आणि निघून गेला. काचेवर त्याच्या नाकाचा ठसा तेवढा राहिला, तो बाबांनी संध्याकाळी पुसला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी गाडी लावून उतरत असेल तर एकदा मागे वळून बघा. जे असेल ते हातात घ्या. आणि घ्यायला जड म्हणून कोणी माझ्यासारखी एखादी जुनी चादर शोधायला लागलं, तर तिच्या वतीने मी हात जोडते. तिला खूप आनंद होईल, ती फार ताठ बसेल, पण तिला तिथे बसवू नका. तिला घरी दुसरं काम द्या.