एक्केचाळीस नंबरचा डाळिंबी वाफा

दलबीर कौर यांच्या घरात दोन गोष्टी कधी विकत आल्या नाहीत, लोणचं आणि बियाणं. मेथी असो, मुळा असो, चांगलं झाड राखून ठेवायचं, वाळवायचं, बी बाटलीत भरायचं आणि पुढच्या हंगामाला पेरायचं. त्यांच्या आईनं हेच केलं, सासूनं हेच केलं, आणि मुळ्यानं आजवर कधी दगा दिला नव्हता. मुळ्याच्या बीला मुळाच यायचा. त्यामुळे पेटुनिया असं काही करील हे त्यांच्या मनातही आलं नाही.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी कॅनडातल्या लेकीनं पेटुनियाच्या बियांचं एक पाकीट पाठवलं. त्यातून जी फुलं आली, ती एकजात डाळिंबी. मखमलीच्या तुकड्यासारखी. पटियाल्यातल्या त्यांच्या कॉलनीत पेटुनिया घरोघरी असतो, पण असा रंग कुणाकडे नव्हता. शेजारच्या चाळीस नंबरच्या भल्ला भैणजी तर फुलं बघून म्हणाल्या, की माझा लग्नातला सूट अगदी ह्या रंगाचा होता. दलबीर कौर यांनी तो सूट पाहिलेला होता. तो विटकरी होता. पण कौतुक करणाऱ्याला कोण अडवतं?

एप्रिलमध्ये बोंडं वाळली. पेटुनियाचं बी म्हणजे तपकीर. गोळा करताना त्या एकदा शिंकल्या आणि निम्मा वाफा हवेत गेला. उरलेलं बी त्यांनी होमिओपॅथीच्या बाटलीत भरलं. बाटलीवर 'सर्दीसाठी' असं आधीच लिहिलेलं होतं, ते तसंच राहू दिलं.

ऑक्टोबरात पेरणी झाली, नोव्हेंबरात पनीरी वाफ्यात लागली. पनीरी म्हणजे ती इवली रोपं, जी लावताना माणूस देवाचं नाव घेतो आणि लावून झाल्यावर मांजराला शिव्या देतो. साठ रोपं होती. सगळं नीट चाललं होतं, आणि मग जानेवारीतला शेकोटीचा सण, लोहडी आली.

मुलाचं नाव जसकरण, आईला तो बीजी म्हणायचा. सरळ मुलगा, पण त्याच्या डोक्यात टाइल्स शिरल्या होत्या. सून नवनीतला शाळेत नोकरी लागली, तिची गाडी आली. पोर्चमध्ये एकच गाडी मावायची. दुसरी गल्लीत उभी राहायची आणि येणारा-जाणारा तिला ओरखडून जायचा. जसकरणनं हिशोब केला, की फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पंधरा पावलांची बाग आहे, तिथे फरशी घातली की प्रश्न मिटला. त्यानं कुणाला विचारण्याआधी टाइल्स आणून व्हरांड्यात रचून ठेवल्या. एकीकडे साठ रोपं आणि एकीकडे टाइल्सची चळत, मधे बीजींची खुर्ची, अशी महिनाभर सीमा राखली गेली.

लोहडीच्या शेकोटीपाशी, तोंडात रेवडी असताना, जसकरणनं तहाचा प्रस्ताव मांडला. कॉलनीची बाग-स्पर्धा मार्चमध्ये असते. बीजी दरवर्षी भाग घेतात, दरवर्षी हात हलवत परत येतात.

"यंदा बक्षीस आलं तर बाग राहील. नाही आलं तर टाइल्स."

"कुठलंही बक्षीस?"

"कुठलंही. पण आलं पाहिजे, बीजी. 'परीक्षकांना फार आवडलं होतं' हे चालायचं नाही."

बीजींना डाळिंबी रंगावर इतका भरवसा, की त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. नवनीत शेंगदाणे सोलत म्हणाली, की गाडी माझी आहे आणि मला कुणी काही विचारलेलं नाही. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, आणि खरंच कुणी विचारलं नाही. निवाड्यासाठी दारजींना, जसकरणच्या वडिलांना, फोन लावला. दारजी हिवाळाभर लेकीकडे कॅनडात होते. ते म्हणाले, मी गुडघाभर बर्फात उभा आहे, हातात फावडं आहे, आणि तुम्हाला फरशीचं सुचतंय. फोन बंद झाला.

बीजी कामाला लागल्या. थंडी जीवघेणी पडली तेव्हा रोपांवर रोज संध्याकाळी जुन्या चादरी पडायच्या. घरातली पाहुण्यांची चादरसुद्धा वाफ्यावर गेली, आणि जानेवारीत आलेला पाहुणा शाल पांघरून झोपला. रोपं वीतभर झाली तसे बीजींनी शेंडे खुडले. शेंडा खुडला की झाड रुसतं आणि मग चारी अंगांनी फुटतं. कळ्यांसकट शेंडे खुडायला काळीज लागतं. भल्ला भैणजींना ते जमत नाही, म्हणून त्यांचा पेटुनिया दरवर्षी एकाच पायावर उभा असतो.

स्पर्धेचा फॉर्म आला. बीजींनी 'एकरंगी वाफा' ह्या गटात नाव घातलं आणि रंगाच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'डाळिंबी' लिहिलं. त्यानंतर आठवड्यानं पहिलं फूल उमललं. ते फिकट जांभळं होतं.

बीजींनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. साठात एखादं चुकार असतंच. दुसरं फूल पांढरं आलं. तिसऱ्यावर जांभळ्या शिरा होत्या, जणू कुणी वहीत शाई सांडली होती. फेब्रुवारी संपता संपता वाफा पुरा भरला आणि त्यात डाळिंबी रोपं निघाली सात. बाकीची त्रेपन्न आपापल्या मर्जीनं फुलली होती, त्यातही फिकट जांभळ्यांचं बहुमत होतं.

भल्ला भैणजी कुंपणावरून म्हणाल्या, "भैणजी, तुम्ही डाळिंबी लावणार होतात ना?"

"लावलं डाळिंबीच."

"मग उगवताना कुणी बदललं?"

जसकरण रोज सकाळी कामावर जाताना वाफ्यापाशी थांबायचा, टाइल्सकडे बघायचा, आणि आईला विचारायचा, की टाइल्सच्या सांध्यांत सिमेंट पिवळट बरं दिसेल की राखी. नवनीतनं सासूला आडबाजूला घेऊन सुचवलं, की त्रेपन्न उपटा, सात ठेवा, सातांचा वाफासुद्धा एकरंगीच. बीजी खुरपं घेऊन गेल्याही. पहिल्या रोपापाशी बसल्या. त्याला चादर कुठली घातली होती तेसुद्धा त्यांना आठवत होतं. वाफ्यातलं गवत काढून त्या परत आल्या.

एवढ्यात आणखी एक त्रास सुरू झाला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा, रहिरासचा पाठ चालू असताना खिडकीतून गोड वास यायचा, थोडा लवंगेसारखा. भल्लांच्या कुंपणाला रातराणी आहे. इकडे आपली फुलं फिकट पडताहेत आणि तिकडे त्यांची रातराणी मार्चमध्येच दरवळतेय, ह्याचा बीजींना इतका राग आला, की त्या खिडकी लावून पाठ करू लागल्या.

स्पर्धेचा रविवार उजाडला. परीक्षक तिघं, तिघंही बाहेरचे, म्हणजे कुणाशी नातं नसलेले. निवृत्त वनाधिकारी गिलसाहेब, बँकेतले मित्तल, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सोढी मॅडम. सकाळी दहाला एक नंबरच्या कोठीपासून सुरुवात. बारापर्यंत एक्केचाळीस घरं बघून होतील असं समितीनं छापलं होतं. समितीत सगळी पंजाबी माणसं असून त्यांनी असं कसं छापलं, हा खरा प्रश्न आहे. परीक्षक दारात आला आणि उपाशी गेला, असं कुठल्याही घराला परवडत नाही. एक नंबरनं भजी दिली, म्हणून दोन नंबरनं भजी आणि गाजराचा हलवा दिला. सात नंबरवर छोले-भटुरे होते. बारा नंबरच्या ब्रिगेडियरसाहेबांनी लस्सी पाजली, आणि मित्तल त्यांच्या हिरवळीवर खुर्चीत पाऊण तास झोपले. वीस नंबरनं चढाओढीत मक्याची रोटी काढली. गिलसाहेबांनी पट्टा दोन भोकं सैल केला.

बीजी दुपारपासून ठेवणीतला दुपट्टा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. चारला बातमी आली, परीक्षक एकोणतीसला आहेत. सव्वापाचला छत्तीसला. भल्ला भैणजींनी त्यांना पनीरचे पराठे घातले, आणि एक्केचाळीस नंबरच्या फाटकात तिघं आले तेव्हा सूर्य मावळला होता.

तिघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. बीजींनी तो ओळखला. त्यांनी आतलं ताट आतच ठेवलं आणि काळ्या गाजराची कांजी आणली, आंबट, मोहरी घातलेली, उन्हात मुरलेली. मित्तलनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बहेनजी, सकाळपासून पहिल्यांदा कुणी माणसासारखं वागवलं."

तिघं वाफ्याशेजारच्या खुर्च्यांत टेकले, ते उठेनात. तेवढ्यात जसकरण आला. परीक्षकांची गाडी फाटकाला आडवी, म्हणून त्याला आपली गाडी पार कोपऱ्यावर लावावी लागली होती, आणि तो त्याच विषयावर बोलायच्या तयारीनं आला होता. पण पाहुणे बसलेले, आईनं हातात कांजीचा पेला दिला, तोही बसला. अंधार उतरत होता. वाफ्यातलं जांभळं, पांढरं, डाळिंबी, सगळं एकाच सावळ्या रंगाचं झालं होतं.

आणि वास आला.

सोढी मॅडम पेला खाली ठेवून ताठ बसल्या. "हे काय आहे?"

बीजी तोंड वाकडं करून म्हणाल्या, "भल्लांची रातराणी."

"रातराणी मार्चमध्ये कुठली?" सोढी मॅडम उठल्या, एवढं खाऊनही वाफ्यावर वाकल्या, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. "तुमचा पेटुनिया आहे हा. चाळीस वर्षांनी हा वास घेतेय. आमच्या हॉस्टेलच्या पायरीशी होता असा. हल्लीच्या पेटुनियाला रंग असतो, वास नसतो."

गिलसाहेब पाय पसरून बसले. जसकरण पेला रिकामा झाला तरी हातात धरून बसला होता. दहा वर्षांत तो ह्या बागेत अंधार पडताना बसला नव्हता. बसायला वेळ कुणाला असतो, आणि खुर्ची तरी कुठे मोकळी असते. त्यानं आईकडे पाहिलं, मग टाइल्सच्या चळतीकडे, मग पुन्हा आईकडे.

भान आलं ते मित्तलना. त्यांच्या मांडीवर फॉर्म होता. "एकरंगी गट. रंग डाळिंबी. एवढं बघून सही करतो. जरा दिवा लावता का?"

जसकरण उठला, व्हरांड्यात गेला, बटणापाशी थांबला, आणि तसाच परत आला.

"बल्ब उडालाय," तो म्हणाला.

बीजींनी मुलाकडे पाहिलं. तो बल्ब त्यानं परवाच लावला होता, शिडीवर चढून. नवनीत दारात उभी होती, तिनंही पाहिलं. जसकरण कुणाकडेच बघत नव्हता.

"असो," मित्तल पेन काढत म्हणाले, "डाळिंबी लिहिलंय तर डाळिंबीच असणार."

पेन कागदाला टेकलं. बीजी उठल्या. व्हरांड्यापर्यंतची पंधरा पावलं त्यांना त्या दिवशी बरीच लांब वाटली. बटण दाबलं, आणि सगळा वाफा एकदम उजेडात आला, त्रेपन्न भलत्या रंगांची, सात डाळिंबी.

"डाळिंबी लावले होते," बीजी म्हणाल्या. "असे आले. चार महिने चादरी पांघरवून वाढवलेत, आता अंधारात कशाला दाखवू?"

मित्तल फॉर्मकडे आणि वाफ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. सोढी मॅडम मात्र हसायला लागल्या आणि त्यांना खोकला आला.

"बी घरचं धरलंत ना? विकतच्या पाकिटातलं?"

"धरलं. आम्ही विकत आणत नाही."

"त्या पाकिटातली फुलं संकरित. त्यांची पोरं आईबापावर जात नाहीत, आजोळी जातात. रंग गेला तुमचा, वास आला. ह्या वासाच्या फुलासाठी मी किती रोपवाटिका पालथ्या घातल्या, आणि तुम्ही चुकून पिकवलंत."

गिलसाहेबांनी विचारलं, सुगंधाचा काही गट आहे का. मित्तलनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. गुलाब, कुंड्या, भाजीपाला, हिरवळ, एकरंगी वाफा. सुगंध नव्हता. सोढी मॅडमनी विचारलं, नवा गट घालता येईल का. मित्तल म्हणाले, त्याला समितीची बैठक लागेल आणि बैठकीत पुन्हा खावं लागेल. तिथे विषय संपला. बक्षीस ब्रिगेडियरसाहेबांच्या पिवळ्या झेंडूला गेलं. जाताना सोढी मॅडम बीजींचे दोन्ही हात धरून एवढंच म्हणाल्या, की एप्रिलमध्ये बोंडं वाळली की मला थोडं बी ठेवा, आणि तेव्हा शिंकू नका. शिंकेची गोष्ट त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. भल्ला भैणजींनीच सांगितली असणार.

परीक्षक गेले. बीजी पेले गोळा करत होत्या.

"परीक्षकांना फार आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते चालायचं नाही, माहीत आहे मला. उद्या मिस्त्रीला बोलाव."

जसकरण वाफ्याशी उभा होता. "बोलावतो ना, बीजी."

"आणि तो बल्ब?"

"उडाला होता. आला परत."

"असा येतो?"

"कधी कधी येतो."

नवनीत दारातून म्हणाली, "ह्या घरात आता बल्बसुद्धा आजोळी जायला लागले."

मिस्त्री खरंच आला, बुधवारी. त्यानं टाइल्सची चळत पाहिली, बाग पाहिली, आणि कुठून खणू असं विचारलं. जसकरणनं त्याला वाफ्याच्या कडेनं दोरी धरून दाखवली. टाइल्स उभ्या गाडून पूर्ण वाफ्याला काठ झाला, आणि उरलेल्यांवर चार खुर्च्या मावतील एवढी बसायची जागा निघाली. पंधरा पावलांतलं एकही पाऊल गाडीला मिळालं नाही.

गाडीचा प्रश्न नवनीतनं सोडवला. तिला कुणी विचारत नव्हतं म्हणून तीच विचारायला गेली, चाळीस नंबरला. भल्लांचं पोर्च रिकामंच असतं. भल्ला भैणजींनी जागा दिली, अट एकच घातली, ऑक्टोबरात वासाची पनीरी त्यांनाही मिळाली पाहिजे.

बीजींनी हो म्हटलं. पण शेंडे मी स्वतः येऊन खुडीन, अशी आपलीही एक अट घातली.