पाच फुटांचा पलंग

आमचे हे सुतार. हात सोन्याचा, पण स्वतःचं काम दिसलं की डोक्याला कुलूप.

घर घ्यायचं ठरवलं ते सासऱ्यांसाठी. सहा फुटी माणूस, आणि भाड्याच्या खोलीत दहा वर्षं बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो! त्यांना पाय लांब करता यावेत, एवढंच मला हवं होतं. यांनी त्यांच्यासाठी साडेसहा फुटी पलंगही करून ठेवला होता.

तिघंही बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो. सेल्सवाली पोपटासारखी सांगत होती: भिंतींच्या आतली जागा म्हणजे कार्पेट एरिया, भिंती धरल्या की बिल्ट-अप, आणि जिना, लिफ्ट असली सगळ्यांची जागा वाटून घेतली की सुपर बिल्ट-अप. सासरे कान देऊन ऐकत होते. हे मात्र 'बसू नये' अशी पाटी लावलेल्या पलंगावरून हात फिरवत होते.

"अगं, हा मीच केलाय! पॉलिश बघ, अजून कसं चमकतंय!"

"खोली बघा, खोली!"

"ऐसपैस आहे की. पलंगाभोवती फिरता येतंय."

झालं, त्याच दिवशी बुकिंग.

ताबा मिळाला, टेम्पोतून आमचा पलंग आला. आडवा ठेवावा तर कॉलम मधे येतो. उभा ठेवला, तर वीतभर दाराबाहेर. यांनी टेप काढून खोली मापली.

"अगं, सॅम्पलचा पलंग पाच फुटांचा होता. खोली मोठी दिसावी म्हणून बिल्डरनेच तसा करून घेतला. मापून मीच कापला."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"पॉलिश बघताना विसरलो गं."

असा संताप आला! "त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये खोल्यांना दारं का नव्हती मग?"

"तीही मीच काढली होती."

"मग हेही काढा!"

यांनी बिजागऱ्या सोडवल्या. सासरे पलंगावर आडवे झाले आणि हळूहळू, भीतभीत, पाय सरळ केले. टाचा थेट हॉलमध्ये आल्या. मला रडूच फुटलं.

"बाबा, अडचण होतेय ना हो?"

"छे गं! डोकं कार्पेटमध्ये, पाय सुपर बिल्ट-अपमध्ये," ते म्हणाले आणि पायाची बोटं मजेत हलवली.

दोन मिनिटांत घोरायलाही लागले. हे अजून दार धरून उभेच होते.